हार्थस्टोन: प्रीस्ट घेऊन रँक ५ गाठता येईल का? डेक बघून सांगा

कृष्णाकाठचा_गडी · २४ ऑक्टोबर २०१६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर सगळ्यांकडे जिओचं फुकट नेट आल्यापासून आमच्या मजल्यावर सहा जण हार्थस्टोन, म्हणजे पत्त्यांचा ऑनलाइन खेळ, खेळतात. पाच जणांचा क्लास शमन नाहीतर वॉरियर. मी एकटा प्रीस्ट, त्यामुळे रोज रात्री माझी टिंगल.

या महिन्यात रँक १० पर्यंत चढलो (आकडा लहान तेवढी रँक वरची) आणि आता १२ वर आपटलोय. मागच्या ३० गेमपैकी १३ जिंकलो, १७ हरलो. सीझन ३१ तारखेला संपतो आणि परवापासून दिवाळीची सुट्टी आहे, म्हणजे वेळ भरपूर. एकदा तरी रँक ५ ची बक्षिसाची पेटी उघडायची आहे, तीही प्रीस्ट घेऊनच. पैज लागली आहे, रक्कम विचारू नका.

तीस पानांचा डेक असा आहे, सगळी दोन-दोन: नॉर्थशायर क्लेरिक, पॉवर वर्ड शील्ड, सर्कल ऑफ हीलिंग, वाइल्ड पायरोमॅन्सर, म्युझियम क्युरेटर, शॅडो वर्ड पेन, शॅडो वर्ड डेथ, थॉटस्टील, इंजर्ड ब्लेडमास्टर, आउचनाय, प्रीस्ट ऑफ द फीस्ट, होली नोव्हा, एक्सकॅव्हेटेड एव्हिल, एन्टूम. आणि एकेक एलिस, माइंड कंट्रोल.

माझ्याकडे १८४० डस्ट (नवी पानं बनवायला लागते ती) आहे. ब्लॅकरॉक, लीग आणि काराझान हे पानांचे संच पूर्ण आहेत. ग्रँड टूर्नामेंटचे पॅक फारसे उघडलेले नाहीत. अझ्युअर ड्रेक हा ड्रॅगन एकच आहे. इसेरा ही मोठी ड्रॅगन बनवू का? नेटवर प्रत्येक यादीत ती दिसते.

सगळ्यांना उत्तर आहे माझ्याकडे, तरी हरतो कसा तेच समजत नाही.

तडकफडक · २५ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

शमन खेळ.

कृष्णाकाठचा_गडी · २५ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

पैज प्रीस्टची आहे हो.

तडकफडक · २५ ऑक्टोबर, सकाळी ८:१७

मग पैशांची तयारी ठेव. गंमत सोड, पण ड्रॅगनच खेळायचे असतील तर ते वॉरियरच्या घरी जास्त सुखात आहेत. तेच ड्रॅगन, वर हातात कुऱ्हाड.

शेवंती_म्हापसा · २५ ऑक्टोबर, दुपारी १:३०

अरे बाबा, त्याला प्रीस्टच खेळायचाय तर खेळू दे ना.

मी काराझान आल्यापासून सायलेन्स प्रीस्ट खेळते. एन्शंट वॉचर २ मानाला (माना म्हणजे पान टाकायची किंमत) ४/५ (अटॅक/हेल्थ), एरी स्टॅच्यू ४ मानाला ७/७. दोघे नुसते बसून राहतात, त्यांना सायलेन्स करून (पानावर लिहिलेलं बंधन पुसून) उठवायचं. प्युरिफाय या सायलेन्सच्या पानावर सगळं जग तुटून पडलं, कंपनीनेसुद्धा ते अरेना या खेळप्रकारातून काढून टाकलं, पण मला आवडतं. २ माना खर्च करून स्वतःच्याच माणसाचं तोंड बंद करायचं! चालतं तेव्हा समोरच्याला काय झालं ते कळतच नाही. चालत नाही तेव्हा वॉचर एका बाजूला, सायलेन्स डेकच्या तळाशी, आणि मी मध्ये बसून मार खाते. रँक १५ च्या वर नेऊ नकोस, मजेला ठेव.

दुसरा उपाय ऑनिक्स बिशपचा. ब्लेडमास्टर एकदा मेला की बिशप त्याला परत आणतो तेव्हा तो पूर्ण ४/७ येतो, स्वतःला मारून घेत नाही. बार्न्स आणि रेझरेक्टची जोडी जमली तर अजून भारी. पण तेही पत्त्यांच्या मर्जीवरच.

चौथी_सीट · २५ ऑक्टोबर, रात्री १०:५५

मी २०१४ पासून प्रीस्टच खेळतो, म्हणून लिहायचा थोडा अधिकार घेतो. राहतो डोंबिवलीला, नोकरी दादरला एका औषधांच्या होलसेल दुकानात, हिशेब बघतो. डोंबिवलीहूनच सुटणारी फास्ट लोकल मिळते म्हणून बसायला जागा मिळते. नाव वाचलंत, कुठली जागा ते कळलंच असेल. सगळं खेळणं त्या पाऊण तासात. पारसिकच्या बोगद्यात नेट जातं आणि टर्न ७५ सेकंदांचा, त्यामुळे मुंब्रा गेलं की मी विचार बंद करून हातात असेल ते टाकतो. माझे बरेच पराभव त्या बोगद्याच्या नावे आहेत.

आता तुझ्या डेकबद्दल. तू म्हणतोस सगळ्यांना उत्तर आहे. अगदी बरोबर, आणि दुखणं तिथंच आहे. तीस पानांतली बारा-चौदा पानं अशी की समोरच्याने काहीतरी केल्याशिवाय त्यांना किंमतच नाही. आमच्या भाषेत सगळी माणसं वसुलीला, दुकानात विकायला कोणी नाही. तुझ्याकडून समोरच्याला त्रास होईल असं काय येतं? ब्लेडमास्टर, फीस्ट आणि एलिस. बस्स.

आणि वसुली तरी पूर्ण होते का? पेन ३ किंवा कमी अटॅकवाल्याला मारतं, डेथ ५ किंवा जास्तवाल्याला. मधला ४ वाला बिनधास्त फिरतो. अझ्युअर ड्रेक ४/४, हाउंडमास्टर ४/३, कॉरक्रॉन ४/३. पूर्वी आपल्याकडे श्रिंकमायस्टर होता, २ अटॅक कमी करायचा, मग पेन तरी लागायचं नाहीतर कॅबल शॅडो प्रीस्ट त्याला उचलून आपल्या घरी आणायची. एप्रिलमध्ये स्टँडर्ड (जुने संच बाद करणारा खेळप्रकार) आलं आणि नॅक्सरामस आणि गॉब्लिन्स हे दोन्ही संच बाहेर गेले. त्याच्याबरोबर झॉम्बी चाउ, डार्क कल्टिस्ट, व्हेलेन्स चोझन, डेथलॉर्ड, लाइटबॉम्ब, व्होलजिन सगळे गेले. बघ, यातली निम्मी पानं पहिल्या तीन टर्नची आहेत. कंपनीने बदल्यात काय दिलं? महागडे स्पेल आणि प्युरिफाय. शेवंतीताईंनी रागावू नये.

प्रीस्ट का मार खातोय हे मी एका वाक्यात सांगू शकतो, पण त्याला मला दीड वर्ष लागलं. आपली हिरो पॉवर (प्रत्येक क्लासला दर टर्नला २ मानात वापरता येणारी शक्ती) रिकाम्या बोर्डावर काहीच करत नाही. मेज २ मानात १ डॅमेज देतो, पॅलाडिन एक शिपाई उभा करतो, शमन टोटेम. मागे पडलेले असले तरी त्यांना काहीतरी मिळतं. आपण २ माना देऊन २ हेल्थ भरून काढतो, आणि समोरचा पुढच्या टर्नला ४ मारतो. ती पॉवर कमाई करते एकाच वेळी, जेव्हा आपला मिनियन, म्हणजे बोर्डावरचा आपला माणूस, लढून जखमी होऊन जिवंत राहिलेला असतो. तेव्हा तो दुसऱ्यांदा लढतो, आणि शेजारी क्लेरिक असेल तर वर एक पान फुकट.

म्हणून माझा नियम असा की प्रीस्टचा डेक पानांपासून बांधायचा नाही, हिरो पॉवरपासून बांधायचा. मार खाऊन उभे राहणारे मिनियन पहिल्या टर्नपासून हवेत. सध्या तसे कुठे मिळतात ते बघ. ट्वायलाइट व्हेल्प १ मानाला २/३, वर्मरेस्ट एजंट २ मानाला २/४ टाँट (समोरच्याला आधी यालाच मारावं लागतं), ब्लॅकविंग टेक्निशियन ३ मानाला ३/५, ट्वायलाइट गार्डियन ४ मानाला ३/६ टाँट. अट एकच, हातात ड्रॅगन हवा. तडकफडक म्हणतात ड्रॅगन वॉरियरच्या घरी सुखात आहेत. असतील. पण वॉरियर त्यांच्या जखमा भरत नाही.

माझा २३ पानांचा गाभा असा. क्लेरिक, शील्ड, व्हेल्प, एजंट, नेदरस्पाइट हिस्टोरियन, पेन, टेक्निशियन, गार्डियन, अझ्युअर ड्रेक, ब्लॅकविंग करप्टर, बुक वर्म ही दोन-दोन, आणि एक डेथ. (बुक वर्म म्हणजे पुस्तकातली वाळवी, पण आहे ड्रॅगन, ६ मानाला ३/६ आणि समोरचा ३ किंवा कमी अटॅकवाला एक मिनियन खलास, अशी वाळवी चालेल.) उरलेल्या सात जागा मोकळ्या ठेवायच्या आणि ज्या रँकला जसे लोक भेटतील तशा भरायच्या. आत्ता माझ्याकडे तिथे प्रीस्ट ऑफ द फीस्ट दोन, आणि कॅबल शॅडो प्रीस्ट, एन्टूम, होली नोव्हा, दुसरं डेथ, ड्रॅकोनिड क्रशर ही एकेक आहेत.

ड्रॅगन किती हवेत यावर लोक भांडतात, म्हणून मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर बसून काढलं. पहिली उतारी आपली असेल तर दुसऱ्या टर्नपर्यंत ५ पानं दिसतात. डेकात ६ ड्रॅगन असतील तर त्या ५ पानांत निदान एक ड्रॅगन असण्याची शक्यता साधारण ७० टक्के. ८ असतील तर ८१ ते ८२. ९ असतील तर ८६. हे मलिगन (सुरुवातीला नको ती पानं बदलून घेणं) न धरता, तो धरला तर अजून वाढते. म्हणजे सहा ड्रॅगनवर खेळलास तर दहातल्या तीन वेळा तुझा एजंट नुसता १/४ चा बुजगावणा. क्रशर काही फार ग्रेट पान नाही, पण नववा ड्रॅगन म्हणून ठेवलाय.

इसेरा बनवू नकोस. १६०० डस्ट एका पानात घालशील, आणि ते पान नवव्या टर्नला. तू नवव्या टर्नला हरत नाहीस, चौथ्या टर्नला हरतोस, नवव्याला फक्त स्क्रीनवर दिसतं. त्यापेक्षा दोन गार्डियन ८००, दोन एजंट २००, कॅबल ४००, दुसरा ड्रेक १००. झाले १५००, हातात ३४० शिल्लक. बाकी पानं तुझ्याकडे आहेत. शिवाय हिस्टोरियन तीन ड्रॅगनांतून एक निवडायला देतो, त्यात कधीमधी इसेरा फुकट येतेच.

आणि एक वही कर. माझी खतावणी आहे, डाव्या बाजूला जिंकलेले, उजव्या बाजूला हरलेले. हरलेल्यापुढे दोनच गोष्टी लिहायच्या: समोर कोण होतं, आणि कितव्या टर्नला आपल्याला मनातून कळलं की गेला. खरं लिहायचं. वीस गेम झाले की सात जागांत काय घालायचं ते वही सांगते, नेटवरची यादी नाही.

रँक ५ बद्दल खरं सांगतो. १२ पासून ५ पर्यंत तीस-बत्तीस तारे लागतात. शंभरातले ५५ जिंकलास तर दहा तारे पुढे जाशील, सलग जिंकल्याचे जादाचे धरून साधारण पंचवीस-सव्वीस. आणि आपला गेम शमनसारखा पाच मिनिटांत संपत नाही. फराळ करायला घरी मदत करणार असशील तर रँक ७-८ धरून चाल.

पिंपळपान · २६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

चौथी सीट, बाकी सगळं पटलं, पण डस्टचा सल्ला मला चुकीचा वाटतो. पोरगा विद्यार्थी आहे, त्याच्याकडे १८४० डस्ट काय रोज येणार नाही. गार्डियन आणि एजंट २०१५ च्या ग्रँड टूर्नामेंटचे. २०१७ मध्ये पहिला नवा सेट आला की ते स्टँडर्डमधून जाणार, ब्लॅकरॉकसुद्धा जाणार. म्हणजे सहा महिन्यांसाठी १००० डस्ट. इसेरा क्लासिकमधली, ती कुठे जात नाही, नऊच्या नऊ क्लासमध्ये चालते. हिशेबनीस माणसाने घसारा विसरावा?

चौथी_सीट · २६ ऑक्टोबर, सकाळी ९:५२ (घाटकोपर)

घसारा विसरलो नाही. मशीन सहा महिन्यांत भंगारात जाणार असेल पण रोज माल काढत असेल तर घेतात. सोन्याची वीट कपाटात ठेवून दुकान चालत नाही.

आणि भंगारालाही भाव आहे, दोन गार्डियन तोडले तर २०० परत मिळतात. असो. त्याला पैज ३१ तारखेला जिंकायची आहे, पुढच्या मे महिन्यात नाही.

पिंपळपान · २६ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

पैजेपुरतं मान्य. पैज संपल्यावर पोराने मला दोष देऊ नये.

कृष्णाकाठचा_गडी · २६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), गार्डियन बनवले. पिंपळपान दादा, सॉरी.

बारा गेम खेळलो, सात जिंकलो. पण एक गोष्ट तीनदा झाली. चौथ्या टर्नला गार्डियन टाकतो, तो नुसता २/६ येतो, टाँट नाही. एकदा वाटलं गेममध्येच बग आहे. आणि दोनदा करप्टर हातात अडकून बसला.

चौथी_सीट · २६ ऑक्टोबर, रात्री ११:४१

चालेल. ऑफिसातली नवी पोरं पण काकाच म्हणतात.

बग नाही. गार्डियन स्वतः ड्रॅगन आहे, पण टाकला की तो हातातून गेला. हातात अजून एक ड्रॅगन लागतो. व्हेल्पचंही तसंच. मेंढीकोट खेळला असशील, हुकमाचं शेवटचं पान आपण लगेच उतरतो का? हातात हुकूम आहे ही भीतीच अर्धं काम करते. इथे तर शेवटचा ड्रॅगन हातात नसेल तर बाकीची निम्मी पानं मुकी होतात.

म्हणून एक ड्रॅगन ठरवून टाकायचा की हा शेवटपर्यंत हलवायचा नाही. बहुतेक वेळा बुक वर्म, कारण तो तसाही सहाव्या टर्नच्या आधी पडत नाही. मलिगनमध्ये सगळे महागडे पत्ते परत टाकायची सवय आपल्याला लागलेली असते. पण सुरुवातीच्या हातात एजंट आणि टेक्निशियन आले आणि सोबत एकच ड्रॅगन, तोही ६ मानाचा, तर तो ठेव. तो ६ मानाचा पत्ता समजू नकोस, दुकानाचं लायसन्स समज. भिंतीवर टांगलेलं असतं, त्याने कोणी काही विकत नाही.

चौथ्या टर्नला गार्डियन साधा २/६ टाकायची वेळ आली तर त्यापेक्षा क्लेरिक टाकून हिरो पॉवर वापर, एक माना वाया गेला तरी चालेल. बोर्डावर एखादा जखमी असेल तर पान तरी मिळेल.

शेवंती_म्हापसा · २७ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

लायसन्स! हे मी लक्षात ठेवणार.

गडी, शमनसमोर डेथ मलिगनमध्ये ठेव. तो चौथ्या टर्नला फ्लेमरीद्ड फेसलेस टाकतोच, ७/७. तेवढी बारी जर निभावलीस तर त्याचे दोन माना पुढच्या टर्नला बंद असतात.

तडकफडक · २७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

ठेव. आणि नाही मिळालं तर चौथ्या टर्नला मला आठव.

कृष्णाकाठचा_गडी · १ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

सीझन संपला. रँक ७.

सहा दिवसांत ७४ गेम. ४४ जिंकले, ३० हरले, बाकी तारे सलग जिंकल्याचे. वही केली होती, आईला वाटलं अभ्यास चाललाय. हरलेल्या तीसमधले अकरा शमन. त्यातल्या आठ ठिकाणी "चौथा टर्न" लिहिलंय. फ्रीझ मेजसमोर चारपैकी चार हरलो, तिथे टर्नच्या जागी मी "सुरुवातीपासून" लिहिलं, त्याला आपण मारायच्या आत तो आपल्याला गोठवून बसतो.

मध्ये एक शहाणपणा केला. शमनचे टोटेम बघून क्रशर काढून दुसरा नोव्हा घातला. नऊचे आठ ड्रॅगन झाले. काका, तुमच्या आकड्यांप्रमाणे चार-पाच टक्क्यांचाच फरक, पण त्याच संध्याकाळी दोन गेममध्ये एजंट १/४ चा उभा राहिला. घाबरून क्रशर परत आणला आणि एन्टूम काढलं. एन्टूम ६ मानाचं, आणि त्या टर्नला माझ्याकडे टाकायला काहीतरी मोठं असायचंच, त्यामुळे त्याची आठवण एकदाही आली नाही.

परवा लक्ष्मीपूजन झाल्यावर गच्चीत बसून खेळलेला गेम सांगतोच. समोर शमन, उतारी त्याची. माझ्या हातात गार्डियन, करप्टर, ड्रेक, पेन. बोर्डावर एक क्लेरिक. चौथ्या टर्नला त्याने फेसलेस टाकला. डेथ नाही. (तडकफडक, तुमची आठवण आली.) मी गार्डियन टाकला, ड्रेक हातात होता म्हणून ३/६ टाँट. त्याने फेसलेस गार्डियनवर घातला, गार्डियन गेला पण त्याला ३ लागले, उरले ४. पाचव्या टर्नला हात शिवशिवत होता की ड्रेक टाकावा आणि पान ओढावं. ड्रेक हलवला नाही. करप्टर टाकला, ड्रॅगन हातात म्हणून त्याचे ३. उरला १. क्लेरिकने जाऊन तो १ काढला आणि बिचारी मेली. ३ अधिक ३ अधिक १. समोर फेसलेस नाही, माझा करप्टर ५/४ उभा, आणि ड्रेक अजून हातात. दोन टर्नांनी त्याने गेम सोडला.

पैज हरलो. पण मजल्यावरच्या एकाने काल डेकचा फोटो मागितला. आता ठेवतो, ताई ओवाळायला बोलावतेय.

पिंपळपान · १ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

फोटो मागितला म्हणजे पैज निम्मी जिंकलास. गार्डियनचे पैसे वसूल, मी माझे शब्द मागे घेतो. मे महिन्यात परत पुढे आणीन.

चौथी_सीट · १५ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

गडी, उत्तर द्यायचं राहिलं होतं. आठ तारखेपासून दुकानात जुन्या नोटांचा जो गोंधळ चाललाय त्यात दुकानाची वही हीच खरी वही झाली आहे. आत्ता बँकेच्या रांगेत आहे, पुढे साठ-सत्तर माणसं. आयुष्यात पहिल्यांदा प्रीस्टचा गेम लांबला याचा आनंद होतोय, आणि इथे बोगदा पण नाही.

एन्टूम काढलंस ते योग्य केलंस. मीही काढलं. त्या जागी काय घातलं ते सांगणार नाही, चार दिवस आधी वहीत बघतो.

कृष्णाकाठचा_गडी · ११ डिसेंबर, रात्री १०:१०

काका, गॅजेटझनचा नवा संच आल्यापासून बघताय ना? ड्रॅकोनिड ऑपरेटिव्ह! ५ मानाला ५/६, स्वतः ड्रॅगन, आणि हातात दुसरा ड्रॅगन असेल तर समोरच्याच्या डेकमधल्या एका पानाची नक्कल निवडून घ्यायची. आणि रेअर, म्हणजे शंभर डस्ट फक्त. ड्रॅगनफायर पोशन तर ड्रॅगन सोडून सगळ्यांना ५. मजल्यावर आता चार जण ड्रॅगन प्रीस्ट खेळतात आणि मलाच विचारतात की गार्डियनला टाँट का येत नाही. मी त्यांना लायसन्सची गोष्ट सांगतो, तुमचं नाव न घेता.

टेक्निशियन ठेवू की कबाल टॅलनप्रीस्ट घालू?

तडकफडक · ११ डिसेंबर, रात्री १०:३०

प्रीस्ट खेळ.

(हो, मीच. काहीही बोलू नका.)

चौथी_सीट · १२ डिसेंबर, सकाळी ९:३१

टॅलनप्रीस्ट घाल. त्याला ड्रॅगन लागत नाही. ३/४ येतो आणि आपल्या एका मिनियनला ३ हेल्थ देऊन जातो, म्हणजे परत तेच, आपली हिरो पॉवर जिथे चालते तिथलं पान. दुसऱ्या टर्नचा एजंट २/७ होऊन उभा राहिला की समोरच्याचा जीव जातो. टेक्निशियन एक ठेवून बघ, जमलं नाही तर तोही काढ. पायरोमॅन्सरवाले पुन्हा दिसायला लागलेत, तेवढं बघ.

माझी अडचण वेगळीच झाली आहे. रोज समोर प्रीस्टच येतो. तो माझ्या डेकमधल्या ऑपरेटिव्हची नक्कल उचलतो, मी त्याच्या डेकमधल्या ऑपरेटिव्हची नक्कल उचलतो, वीस मिनिटं दोघे एकमेकांच्या जखमा मोजत बसतो. काल गेम संपेपर्यंत दादर गेलं, भायखळ्याला उतरून मागे आलो.